सीरमचे नऊ फ्लास्क

मामांना डोळे मिटूनही स्वच्छ काच ओळखता येते, असं संस्थेतले लोक नव्या माणसाला सांगत. ही थाप होती आणि मामांना ती मुळीच आवडत नसे. काच डोळे उघडे ठेवूनच बघावी लागते. साबण लावून आतून ब्रश फिरवायचा, नळाखाली सात वेळा विसळायचं, डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा, आणि मग फ्लास्क खिडकीच्या उजेडात तिरका धरायचा. पाणी सलग पडद्यासारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ. मध्येच फाटलं, थेंब होऊन चिकटून बसलं, तर तिथे तेलकटपणा आहे. मग पुन्हा साबणापासून सुरुवात. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. रजिस्टरमध्ये त्यांच्या पदाचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण काम एवढंच: भांडी धुणं, जंतूंसाठी ब्रॉथ बनवणं आणि सगळं ऑटोक्लेव्हमध्ये उकडून काढणं. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत मावेल एवढा प्रेशर कुकर. ब्रॉथ म्हणजे सूप. तेव्हा मामा स्वतःला जंतूंचा आचारी म्हणवून घेत आणि वर सांगत की माझ्या हातचं खाऊन आजवर एक जंतू तक्रार घेऊन आलेला नाही.

त्यांची खोली कॉरिडॉरच्या टोकाला. दोन खोल सिंक, कायम ओली फरशी, रबरी बूट, वाफेने फुगलेलं दार. या खोलीत शास्त्रज्ञ येत नसत. ते दारातून ट्रे आत सरकवत आणि दारातूनच ओढून घेत. तीस-तीस वर्षं जंतूंवर पेपर लिहिणाऱ्यांना आपला जंतू काय खातो हे माहीत नसतं, फक्त बाटलीवरचं नाव माहीत असतं. हे मामांचं मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

सरांचं तसं नव्हतं, हे मान्य करायला हवं. सर या सगळ्या मजल्याचे प्रमुख. तरुण असताना ते स्वतः येऊन उभे राहत, ब्रॉथचा रंग बघत. मामांची बायको एकदा घरात चक्कर येऊन पडली, तेव्हा सरांनी स्वतःची गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं होतं आणि चार तास बाकावर बसून राहिले होते. सर वाईट माणूस नव्हते. पुढचं जे झालं ते वाईट माणसामुळे झालं असतं तर मामांना सोसायला सोपं गेलं असतं.

सरांनी एक औषध शोधलं होतं. जखमेत पू करणारा जो जंतू असतो, त्याचं अंग एका पातळ आवरणात असतं आणि ते आवरण बहुतेक चरबीचं असतं. ही चरबी तो स्वतः बनवतो. सरांचं औषध नेमका तोच कारखाना बंद पाडायचं. चरबी नाही तर आवरण नाही, आवरण नाही तर जंतू नाही. मामांच्या ब्रॉथमध्ये हजार वेळा करून बघितलं, हजार वेळा जंतू मेला. कॉरिडॉरमध्ये सरांचा फोटो लागला. बाहेरचे लोक येऊन बघून गेले. आता उंदरांवर प्रयोग सुरू व्हायचे होते.

तेवढ्यात ताई आली. डॉक्टरेट करायला आलेली, बारीक अंगाची, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी ती सरळ मामांच्या खोलीत शिरली, ओल्या फरशीवर चप्पल घसरली तेव्हा सिंकला धरून उभी राहिली आणि म्हणाली की ब्रॉथ कसा करता ते मला दाखवा. मामांना वाटलं चेष्टा चालली आहे. पण ती बादली उलटी घालून तिच्यावर बसली आणि दोन तास बघत राहिली. मग तिनं विचारलं की हा जंतू तर माणसाच्या रक्तात राहतो, मग आपण त्याला हे सूप का पाजतो? त्याला त्याच्या घरचं देऊन बघू.

घरचं म्हणजे सीरम. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं ते. सीरम शिजवता येत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट होतं. तेव्हा ब्रॉथ आधी उकडायचा, मनगटाला सोसेल इतका निवू द्यायचा आणि मग बाटलीतलं सीरम घालायचं. सीरम काचेला चिवट बसतं, म्हणून मामांनी त्यासाठी नऊ फ्लास्क वेगळे काढले, त्यांच्या बुडाला लाल खूण केली आणि ते वेगळ्या टबात धुवायला लागले.

ताईनं तीन आठवड्यांत तीन वेळा प्रयोग केला. दर वेळी तीन फ्लास्क साध्या ब्रॉथचे, तीन सीरम घातलेले, सगळ्यांत सरांचं औषध, सगळ्यांत तोच जंतू. सकाळी साधे फ्लास्क नितळ. जंतू मेला. सीरमचे फ्लास्क गढूळ. जंतू जिवंत, आणि नुसता जिवंत नाही, मजेत. पहिल्या वेळी ती म्हणाली काहीतरी चुकलं. दुसऱ्या वेळी तिनं औषधाची बाटली पुन्हा तपासली. तिसऱ्या वेळी तिनं त्या जंतूंमधली चरबी काढली आणि यंत्रावर तपासली. मग कागदाची गुंडाळी घेऊन ती मामांच्या खोलीत आली आणि परत त्या बादलीवर बसली.

कागदावर डोंगरासारख्या रेषा होत्या. त्यातल्या एका उंच शेंड्यावर तिनं बोट ठेवलं. हे तेल, ती म्हणाली, या जंतूला बनवताच येत नाही. त्याच्या कारखान्यात तसलं यंत्रच नाही. तरी ते त्याच्या आवरणात आहे. म्हणजे सरांनी कारखान्याला कुलूप लावलं आणि या पठ्ठ्यानं सीरममधलं तयार तेल उचललं, त्याचंच आवरण शिवलं आणि अंगावर चढवून मोकळा झाला.

"म्हणजे माणसाच्या अंगात औषध चालायचं नाही?" मामांनी विचारलं.

"ते मी आत्ता म्हणणार नाही," ताई म्हणाली. "पण उंदरांना टोचायच्या आधी हे बघायला पाहिजे. सोमवारी सरांना दाखवते."

ती गेल्यावर मामा बराच वेळ हसत होते. जंतूचं त्यांना कौतुकच वाटलं. घरातलं बंद झालं की शेजारून आणायचं, हे तर कुठल्याही बाईला कळतं, शास्त्रज्ञांना कळायला यंत्र लागलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मामा पिपेटांचा ट्रे घेऊन आत गेले होते, त्यामुळे त्यांनी कानांनी ऐकलं. सर चिडले नाहीत. त्यांनी कागद नीट बघितला आणि शांतपणे विचारलं की हे तेल काचेवरून आलेलं नसेल कशावरून? साबण शेवटी तेलाचाच असतो. फ्लास्क नीट विसळले नसतील तर साबणाचा अंश राहतो, तोच जंतूनं उचलला असेल. ताईनं सांगितलं की साध्या ब्रॉथचे फ्लास्कही त्याच खोलीत धुतले जातात, त्यात असं काही झालं नाही. आणि मग तिनं असं एक वाक्य जोडलं की ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांची मान ताठ झाली. ती म्हणाली, "मामांची काच आहे, सर." जणू पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी मामांना बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. एकतीस वर्षांत मामा त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची मऊ होती आणि त्यामुळेच अवघड वाटत होती. सरांनी विचारलं की काचेवर काही राहिलं असण्याची शक्यता आहे का? मामा म्हणाले नाही.  टेबलावरचे दोन कागद सरांनी इकडचे तिकडे केले. मग विचारलं, मुलाचं कसं चाललंय?

मामांचा मुलगा संस्थेच्याच प्राण्यांच्या विभागात पाच वर्षं रोजंदारीवर होता. उंदरांचे पिंजरे साफ करायचा. त्याला कायम करायची फाईल त्या महिन्यात वरती गेली होती. सरांनी त्या फाईलचं नाव काढलं नाही. धमकी दिली नाही. खरंच फक्त चौकशी केली असेल, कोण जाणे. मामांनी सांगितलं, बरं चाललंय.

मग सर खिडकीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "साबण राहिला असं समजलं, तरी एक कळत नाही. साध्या फ्लास्कमध्ये का नाही राहिला?"

याचं उत्तर सरांकडे नव्हतं. त्या मजल्यावर कुणाकडेच नव्हतं. फ्लास्क कसे धुतात हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडेच ते असणार होतं. आणि मामांनी ते दिलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी गळा धरला नव्हता. मऊ खुर्चीवर बसून, हातात गरम कप धरून, आपल्या कामाच्या माहितीतून त्यांनी ते काढून दिलं.

"सीरमचे फ्लास्क मी वेगळे धुतो, सर," ते म्हणाले. "आणि त्या तीन आठवड्यांत आपलं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं."

दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी होती. फक्त त्या तीन आठवड्यांत मामा रोज दोन जिने चढून वरच्या विभागातून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणत होते, एकेका हातात एक, आणि त्या पाण्याने सगळे फ्लास्क, लाल खुणेचेसुद्धा, तीन-तीनदा विसळले होते, हे ते बोलले नाहीत. सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते म्हणाले, तेवढंच चार ओळींत लिहून द्या, मामा, तुमच्यावर काही येणार नाही, यंत्राची चूक. मामांनी लिहिलं: टाकीत शिल्लक होतं ते पाणी साध्या फ्लास्कना पुरलं. सीरमच्या नऊ फ्लास्कना शेवटचं पाणी नळाचं दिलं. आपल्याकडचं नळाचं पाणी जड आहे, त्यात साबणाची साय धरते आणि ती काचेला बसते. इतकं पटणारं खोटं सर लिहूच शकले नसते. ते लिहायला एकतीस वर्षं भांडी घासलेला माणूसच पाहिजे होता.

सही करताना एक प्रश्न त्यांच्या मनात स्वच्छ उभा राहिला. काचेवरची चिमूटभर साय चाटून जर हा जंतू जगतो, तर माणसाच्या अंगात तेलाला काय तोटा आहे? म्हणजे फ्लास्क घाण होते असं धरलं तरी ताईचंच खरं ठरतं. सरांनी काढलेल्या सबबीतच ताईचं उत्तर होतं. हे मामांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि उठले.

त्याच दुपारी ताई आली. हातात त्या चार ओळींची प्रत. ती या वेळी बादलीवर बसली नाही.

"मामा, हे खरं आहे?"

मामा ब्रश फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "तसं झालं असेल, ताई."

"असेल की झालं?"

नळ चालू होता. मामांनी तो बंद केला नाही. बंद केला असता तर शांततेत बोलावं लागलं असतं.

"झालं," ते म्हणाले.

तिनं हातातल्या प्रतीची घडी घातली. मग म्हणाली की बरं झालं तुम्ही सांगितलंत, नाहीतर मी हेच घेऊन चारचौघांत गेले असते. आणि वर, "थँक यू, मामा," असं म्हणून गेली. ती तोंडावर थुंकली असती तरी चाललं असतं. 

पुढे सगळं भराभर झालं. सीरमच्या बाटल्या सरांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये गेल्या. ताईला दुसरा विषय दिला. तो ती ओढत राहिली, पूर्वीसारखी फटकळ राहिली नाही, कुणाला काही विचारीना. प्रत्येक आकडा चार-चारदा तपासायची आणि तरी वहीत लिहायला तिचा हात धजत नसे. सहा-सात महिन्यांनी तिनं संस्था सोडली. निरोप घ्यायला ती कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आली तेव्हा मामा ऑटोक्लेव्हच्या काट्यावर नजर लावून उभे राहिले. काटा हलत नव्हता, मशीन बंद होतं. तिला ते दिसलं असणार. ती दारातूनच "येते, मामा" म्हणाली आणि गेली.

मुलगा कायम झाला. घरात आनंद झाला, बायकोनं चारपाच घरी जाऊन सांगितलं. मामा मात्र फ्लास्क आठ वेळा विसळायला लागले, मग दहा वेळा, मग बारा. काम संपेना. पोरं बाहेरून ओरडत, मामा, काचेला भोक पाडाल.

उंदरांचे प्रयोग सुरू झाले. मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं, तो पिंजरे मोजायचा. एक दिवस जेवताना तो सहज म्हणाला की सरांच्या औषधाचं काही खरं नाही, औषध दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर सारखेच मरतात, सकाळी आम्ही एकाच पिशवीत भरतो. बायको म्हणाली, जेवताना कसलं बोलतोस रे. मामांचा घास हातातच राहिला. मुलानं विचारलं, काय झालं, बाबा? ते म्हणाले, काही नाही, मिरची लागली.

त्यानंतर डोस वाढवला. पुन्हा वाढवला. दुसरे उंदीर आणले. वर्ष गेलं. सरांसारख्या हुशार माणसाला काय होतंय हे कळत नसेल यावर मामांचा विश्वास बसत नव्हता. पण ज्याचा फोटो भिंतीवर लागलेला असतो, त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा फोटोची काळजी जास्त असते. आणि त्या सबबीवर तर मामांची सही होती, सर तरी का मागे फिरतील?

मग एका सोमवारी सर एक छापील लेख घेऊन मीटिंगला आले. बाहेरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं दाखवून दिलं होतं की हा जंतू माणसाच्या रक्तातली चरबी उचलून आपल्या आवरणात घालतो आणि असली औषधं पचवतो. सरांनी लेखाची मनापासून तारीफ केली. म्हणाले, सुंदर काम आहे. आणि मग, चष्मा पुसत, "आपल्याकडेही हे एकदा दिसलं होतं. पण तेव्हा भांड्यांचा घोळ झाला."

सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली. मामा पिपेटांचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते. एक नवा पोरगेला संशोधक म्हणाला, मामा, तुमच्या साबणानं घात केला हो, नाहीतर आज आपलं नाव छापून आलं असतं. हशा पिकला. त्यात दुष्टपणा नव्हता, मामांची थट्टा करायची सगळ्यांना सवय होती.

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"फ्लास्क स्वच्छ होते," ते म्हणाले. "नऊच्या नऊ. पाणी मी वरून आणलं होतं. तो कागद खोटा आहे. मी लिहिलाय, म्हणून मला माहीत."

हशा थांबला. मामांना वाटलं, आता सर उभे राहतील, आता आपल्याला बाहेर काढतील, मुलाची फाईल परत उघडतील, घरात जाऊन बायकोला काय सांगायचं. सरांनी चष्मा घातला. मामांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, थोडं दमलेपण होतं.

"बरं, मामा," सर म्हणाले. "नोंद घेऊ." आणि त्यांनी पुढच्या माणसाला त्याचे आकडे दाखवायला सांगितले.

बस. एवढंच. त्या आठवड्यात काही झालं नाही, पुढच्याही नाही. मुलगा रोज कामावर जात होता, हजेरीपटावर त्याचं नाव होतं, पगाराच्या दिवशी पगार आला. मामा वाट बघत राहिले. कुणीतरी जाब विचारावा, निदान नोटीस यावी. कुणी त्यांच्याकडे फिरकलं नाही. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की दोन वर्षांपूर्वी त्या मऊ खुर्चीवर ते हेच वाक्य बोलले असते, तरी कदाचित एवढंच झालं असतं. सर म्हणाले असते, बरं, मामा. मामा चहा पिऊन उठले असते. एखादवेळी नसतंही तसं झालं. पण त्यांनी ते बघितलंच नाही. बघायच्या आधीच विकून मोकळे झाले.

लायब्ररीतल्या कारकुनाकडून त्यांनी ताईचा पत्ता काढला. ती एका रक्त तपासणीच्या केंद्रात काम करत होती, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर. मामांनी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, सगळं पुन्हा एका कागदावर लिहिलं. या वेळी खरं. तीन वेळा लिहून फाडलं आणि चौथा ठेवला. जाताना त्यांच्या चालीत थोडा उत्साह होता, हे सांगायला लाज वाटते पण होता. आपण तिला तिची हरवलेली वस्तू परत द्यायला निघालोय, अशा भावनेत ते जिना चढले.

आत उपाशीपोटी आलेली माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. तोंडं आंबलेली, एकमेकांकडे न बघणारी. मामांनीही नंबर घेतला होता; पडद्यामागून ताईनं तो पुकारला आणि ते आत गेले. तिनं त्यांना बघितलं, क्षणभर ओळख पटली नाही, मग पटली.

"मामा? काय होतंय तुम्हाला? बसा. उपाशी आहात ना?"

ते हात टेकायच्या खुर्चीवर बसले. म्हणाले की रक्त द्यायला नाही आलो, आणि कागद पुढे केला. तिनं हातमोजे काढले आणि उभ्यानेच वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. बाहेर कुणीतरी खोकलं.

मामांनी तिला सगळं सांगितलं. मुलाची फाईल, चहा, जिभेवर आलेला प्रश्न. बाहेरच्या लेखाचंही सांगितलं. तो तिला माहीत होता, कुणीतरी पाठवला होता. म्हणाली, वाचून बरं वाटलं, त्यांनी भांडी नीट धुतली असणार असा विचार आला. हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. खरंच तसा विचार आला होता.

"तुम्ही संस्था सोडलीत ती सरांमुळे, असंच मी धरून चाललो होतो," मामा म्हणाले.

"सरांमुळे?" तिनं कागद टेबलावर ठेवला. "सर तसं म्हणणार हे मला ठाऊकच होतं. त्यांच्याशी भांडायची तयारी करून ठेवली होती मी. तुमचा कागद आला तेव्हासुद्धा वाटलं, लिहून घेतला असणार. म्हणून तर विचारायला आले. सर खोटं बोलतील, यंत्र खोटं बोलेल, मामा बोलणार नाहीत. तुम्ही 'झालं' म्हणालात, आणि मी मानलं. आजपर्यंत मानत होते."

ताईनं काढलेले हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"घरी जाऊन वही रद्दीत टाकली मी. सरांनी सांगितलं नव्हतं. मीच टाकली. म्हटलं, घाणेरड्या भांड्यातलं मला खरं वाटलं, मला यातलं काही कळत नाही. नंतर कुठलाही आकडा लिहिताना वाटायचं, हेही तसंच असेल. इथे बरं आहे. इथे मी फक्त सुई लावते, आकडा यंत्र काढतं, सही दुसऱ्याची."

मामांनी इतके दिवस स्वतःला हजार दूषणं दिली होती. भित्रा म्हटलं होतं, लाचार म्हटलं होतं. पण आपण खोटं बोललो ते का चाललं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते चाललं, कारण त्यांच्या शब्दाला किंमत होती. एकतीस वर्षं घासून-पुसून कमावलेली ती किंमत त्यांनी एकदाच वापरली, आणि ती या पोरीवर वापरली. सरांच्या अधिकारानं जे झालं नसतं ते मामांच्या इमानदारीच्या नावानं झालं.

"शिव्या द्या, ताई," ते म्हणाले.

"बाहेर माणसं उपाशी बसलीत, मामा."

"परत या ना तिकडे. मी सांगेन सगळ्यांना. सरांना सांगितलंय मी, भर मीटिंगमध्ये."

"काय म्हणाले?"

"नोंद घेऊ म्हणाले."

ती हसली. खरंखुरं हसू होतं, जुन्या ताईचं, पण फार टिकलं नाही. तिनं नवे हातमोजे घातले. मग म्हणाली की माझं वय निघून गेलं, जागा गेली, आणि ते सोडा, आता मला त्या विषयाचं पानसुद्धा उघडवत नाही. तुम्ही मुद्दाम आलात, बरं केलंत. पण खरं सांगू का, मला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. इतके दिवस मला निदान एवढं तरी माहीत होतं की माझी चूक झाली म्हणून मी इथे आहे.

मामा उठले. त्यांनी खुर्चीचा हात शर्टाच्या बाहीने पुसला. ती ते बघत राहिली.

"मामा, परत येऊ नका," ती म्हणाली. "राग म्हणून नाही. तुम्ही समोर आलात की मला तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो."

"बरं, ताई."

कागद टेबलावरच होता. तो परत घ्यावा की राहू द्यावा हे त्यांना कळलं नाही. त्यांनी तो तसाच ठेवला. पडदा सारून ते बाहेर आले तेव्हा आतून पुढचा नंबर पुकारला गेला. एक म्हातारी बाई उठून आत गेली आणि बाकीचे सगळे एकेक खुर्ची पुढे सरकले.